जन्माची खोड आणि कानशीचा घाव

मित्रांनो, मी वीस पैशांचं एक जुनं, पिवळं नाणं आहे. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. पण जिच्यात एका भल्या माणसाच्या शब्दाची किंमत गेली, ती मी नाही सांगितली तर कोणीच सांगणार नाही.

टाकसाळीत ठशाखाली जाताना माझी चकती जरा सरकली. घाव एका अंगालाच बसला. तिकडे कमळ उमटलं, दुसरीकडे चंद्रकोरीएवढी जागा कोरी राहिली आणि तिथली कड थोडी बाहेर ओघळली. असली नाणी वेगळी काढतात. मी कसा निसटलो, मलाही कळलं नाही.

पुढे शिरूर-दौंड एसटीचे कंडक्टर मुजीबभाई यांच्या कातडी पिशवीत मी आलो. मला कोणी घेईना. "ह्ये उंदरानं खाल्ल्यालं नगं रं बाबा," असं म्हणत एका आजीने मला परत केलं. तेव्हा मुजीबभाईंनी पिशवीत पदरचं नाणं टाकलं आणि मला खिशात ठेवलं. हे मोडलेलं नाही, जन्मतःच असं आहे, असं ते कौतुकाने सर्वांना दाखवू लागले.

त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर दगडोबा डेपोत सगळ्यांसमोर हसले. "दौंडच्या रुळावर ठिवलं आसंल! आमी बी ल्हानपनी ठिवायचो की."

"रुळावर नाणं चपटं हुतं, नक्षी पसरून पुसट हुती," मुजीबभाई म्हणाले. "हितं बघा, नक्षी ठसठशीत हाय. निस्ती सरकलीय."

"बरं बरं, रूळवाले!"

ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मुजीबभाई निवृत्त झाले, तरी चहाच्या टपरीवर त्यांनी काहीही सांगितलं की लोक डोळे मिचकावत. "रूळवाल्यांचं हाय, निम्मं धरा." हळूहळू ते बोलेनासे झाले.

अखेर यवतच्या अक्षदाताईंनी मला पाहायचं कबूल केलं. जुन्या नाण्यांची त्यांना चांगली पारख होती. मुजीबभाईंनी दगडोबांनाही सोबत बोलावलं. मुजीबभाईंना एकदाच, दगडोबांसमोर, खरं ठरायचं होतं.

आदल्या दिवशी त्यांचा भाचा इनुस घरी आला. कारेगावच्या एका कारखान्यात तो फिटर आहे. तिथे सुट्या भागाची कड ओघळलेली राहिली तर तिला बर म्हणतात. तो काढल्याशिवाय माल पुढे जात नाही. मला पाहून त्याचा जीव हळहळला. "मामू येवढ्या मोठ्या बाईला दाखवनार, आन् बर तसाच?" मामूंना न विचारताच त्याने मायेने कानस चालवली, कोरी जागा पॉलिश केली. मित्रांनो, मला ओरडता आलं नाही.

यवतला अक्षदाताईंनी मला भिंगाखाली धरलं, वजन केलं. मग त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

"चाचा, टाकसाळीतली चूक असेलही. पण ती ओळखायची ती या कडेवरून आणि या कोऱ्या जागेवरून. तिथे आता फक्त कानशीच्या रेघा आहेत. कोणी घासलं हे?"

सोबत आलेल्या इनुसचा चेहरा पांढरा पडला. त्याने तोंड उघडलं, तोच मुजीबभाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"म्याच घासलं, ताई."

दगडोबांनी मांडीवर थाप मारली. "आलं का न्हाई खरं भाईर! म्या म्हनत न्हवतो?"

मुजीबभाई मान खाली घालून हसले. आयुष्यात ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते, आणि तेवढंच सर्वांनी खरं मानलं. परतीच्या गाडीत इनुस रडत होता आणि ते त्याची पाठ थोपटत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा हातात घेतलं नाही. मी बटणांच्या डब्यात आहे, एका अंगाला आरशासारखा चकचकीत. मित्रांनो, एखादं जुनं नाणं वेडंवाकडं दिसलं तर त्याला नीट करू नका. चिंच नको, राख नको, कानस तर नकोच. ज्याचं आहे त्याला आधी विचारा. माझ्यासाठी आता कोणी काही करू शकत नाही.