संदर्भ: अनसूयाआत्या, पेणकरपाडा

परशुरामने सत्तावन्नाव्या वर्षी टायपिंग शिकायला घेतलं ते निव्वळ रागापोटी. मुलगी कृतिका त्याला सिल्व्हर पार्कच्या सायबर कॅफेत घेऊन गेली आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातलं आपल्या भागाचं पान तिने कौतुकाने उघडून दाखवलं. अडीच ओळी. स्टेशन, इमारती, लोकसंख्या. चार पिढ्यांनी जिथे मीठ पिकवलं, त्या मिठागरांचं नाव औषधालासुद्धा नव्हतं. परशुरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, चिडताय कशाला? हे पान कोणीही बदलू शकतं," कृतिका म्हणाली. "इथे संपादन दाबायचं, लिहायचं, जतन करायचं. झालं!"

कोणीही बदलू शकतं म्हणजे कोणीही पुसू शकतं, हे त्या दिवशी बापलेकींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मिठागराचं खरं सांगणारं पाड्यात एकच माणूस उरलं होतं, परशुरामची अनसूयाआत्या. वय चौऱ्याऐंशी, डोळे मोतीबिंदूने गेलेले, जीभ मात्र शाबूत. परशुराम वही घेऊन तिच्यापाशी बसला. उधाणाचं पाणी कधी आत घ्यायचं, कुठल्या वाफ्यात किती दिवस ठेवायचं, मीठ ओढणाऱ्या तिच्या टोळीतल्या सहा बायका कोण, सगळं त्याने उतरवून घेतलं. मग महिनाभर दर रविवारी एका बोटाने टायपिंग. एकेका जोडाक्षराने त्याच्या नाकीनऊ आणले.

माहिती कुठून मिळाली ते खाली लिहायचं असतं, असं कृतिकाने बजावलं होतं. परशुरामला ते फार पटलं. गावकीच्या बैठकीतसुद्धा बोलणाऱ्याला विचारतातच की, कोणाकडून ऐकलंस? आणि तिथे म्हाताऱ्या माणसाचं नाव घेतलं की पुढे कोणी बोलत नाही. त्याने सरळ मनाने लिहिलं: 'संदर्भ: अनसूयाआत्या, पेणकरपाडा, वय ८४. घर देवळामागे. कधीही येऊन विचारावे.'

घरी येऊन त्याने आत्याला वहीतून सगळं वाचून दाखवलं आणि हे आता सगळ्या जगाला दिसतं, असं सांगितलं. आत्याने टोळीतल्या बायकांची नावं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "आन त्यात काय चुकलं आसल तं?"

"तर सुधारता येतं, आत्या. कधीही."

पुढच्या रविवारी पानावर पुन्हा अडीच ओळी. सोबत कोणा अनोळखी माणसाची टीप: 'छापील संदर्भ नाही. ऐकीव माहिती वगळली.' परशुरामने सगळं परत टाइप केलं. परत पुसलं गेलं. तिसऱ्यांदा त्याने खाली लिहिलं, 'आत्या खोटं बोलत नाही.' चौथ्यांदा त्याचं खातंच बंद झालं. हात दाखवून अवलक्षण!

कृतिका म्हणाली, "एखादं पुस्तक मिळालं तर बघा." त्याने दोन वाचनालयं पालथी घातली. मिठावर सरकारी अहवाल होता, त्यात माणसं नव्हती. ज्यांनी मीठ ओढलं त्यांतल्या कोणाला सही करता येत नव्हती, पुस्तक लिहिणार कोण? परशुरामने नाद सोडला. आत्याला मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तिचा आनंद हिरावून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

एका दुपारी तिने त्याला जवळ बोलावलं.

"परशा, त्या पानाव येक चुकलं हाय. सा जनी न्हाय, आमी सात होतो. मंदा राह्यली."

मंदा पाड्यात सगळ्यांना ठाऊक होती. तीन वर्षांची पोर टाकून परक्या माणसाबरोबर पळून गेलेली बाई.

"पलाली न्हाय ती," आत्या म्हणाली. "उधाणाला बांध फुटला, खाडीत गेली. मुकादम म्हनला, तोंड उघडलं तं उद्यापास्नं कामाव येऊ नका. ती पलाली, आसं आमीच सा जनींनी उठवलं. पन्नास वर्सं झाली. तू म्हनलास सुधारता येतं, तवा मला धीर आला."

आत्या, ते पानावर आता नाहीये, हे शब्द परशुरामच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच मेले. "सुधारतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने कृतिकाच्या नावाने लिहून पाहिलं. अर्ध्या तासात पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तनहून उर्मिला आली. मंदाची पोर, आता त्रेपन्न वर्षांची. आत्याने शेजारच्या सुनेकडून तिला फोन लावून घेतला होता: तुज्या आयचं खरं सगल्या जगात लिवलंय, परशा दावील.

उर्मिला उंबऱ्यातच उभी राहिली. आत्या आतून तिला हाका मारत होती, पण ती आत जाईना.

"परशुरामदादा, आता तोंडी नको," ती म्हणाली. "आयुष्यभर मी तोंडीच ऐकलंय. आय तुला टाकून गेली, हेच. पाड्यातल्या कोणाच्या तोंडावर माझा विश्वास न्हाय. कुठे लिवलंय तेवढं दाखवा."

परशुराम खोटं बोलू शकला असता. पण दाखवणार काय? कपाटातून त्याने वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि तिच्या हातात दिलं. काल रात्री त्याने त्यात मंदाचं नाव सातवं लिहिलं होतं, बांध कसा फुटला तेही लिहिलं होतं.

उर्मिलाने एकेका शब्दावर बोट ठेवत सगळं वाचलं. क्षणभर तिचे डोळे भरून आले. मग तिने वही मिटून परत केली.

"हे तं तुमीच लिवलंय," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.