भोंग्याची बारा मिनिटं

"सोमाजीभाऊ, ह्याले काय भूतबाधा झाली का पाहा बरं!" फडक्यात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ सुखरामने ओसरीवर ठेवलं. "सकाळी मांगं पडते अना संध्याकाळी पुढं पळते. असं घड्याळ कवा पायलं का तुमी?"

रविवार होता. सोमाजी दाढी करत होता. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून त्याने घड्याळ मांडीवर घेतलं. सुखरामच्या लग्नात सासऱ्याने दिलेलं चावीचं घड्याळ, वीस वर्षांत कधी कुरकुरलं नव्हतं.

"चुकते हे तुले कसं समजलं?"

"भोंग्यावरून. आनखी कायवरून?"

खरंच होतं ते. मोहाडी-वरठी रस्त्यावरच्या त्या गावात कुणालाही विचारा, वेळ म्हणजे भोंग्याची. पितळी भांड्यांच्या कारखान्याचा भोंगा सकाळी आठला, दुपारी बारा आणि एकला, संध्याकाळी पाचला वाजायचा. शेतातल्या बाया त्यावर शिदोरी सोडत, गुरुजी त्यावर घंटा देत. आणि तो भोंगा चौदा वर्षं वाजवत होता सोमाजी. टाइम ऑफिसात पुरुषभर उंचीचं घड्याळ होतं, त्याच्या तारा प्रत्येक खात्यातल्या तबकडीपर्यंत गेलेल्या. रोज सकाळी ट्रान्झिस्टर कानाशी धरायचा, आठच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर ते घड्याळ मिळवायचं आणि मग बटण दाबायचं, हा त्याचा नेम. "सरपंच बदलन, भोंगा नाइ बदलनार," असं तो मिशीला पीळ देत सांगायचा.

आठ महिन्यांपूर्वी त्याची ही मिशी खाली आली.

मॅनेजर मधुकररावांनी आधी फाटकावर हुकूम लावला, की कामगारांनी मनगटी घड्याळं चौकीत काढून ठेवावीत, मशीनमध्ये हात अडकतो. मग सोमाजीला बोलावलं. माणूस गोडबोल्या. "सोमाजी, दुपारनंतर लंबक जरा धरत जा. तीनदा, चार-चार मिनिटं. पाचचा भोंगा मग आपल्या घड्याळात पाच वाजले की द्यायचा. सगळे गेले की काटे पुढे कर, झालं."

तीनशे माणसांनी रोज बारा मिनिटं जास्त राबायचं आणि कुणाला कळायचंही नाही. सोमाजी "बरं साहेब" म्हणाला. त्या दिवशी 'नाही' म्हणायला त्याने जीभ उचलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण साहेबासमोर भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

तेव्हापासून गावातली सगळी घड्याळं संध्याकाळी मागे आणि सकाळी पुढे सरकवली जाऊ लागली. मोहाडीची एसटी हल्ली वेळेआधी येते, असं लोक बोलू लागले. एसटी वेळेआधी येते यावर विश्वास ठेवणारं, पण भोंग्यावर शंका न घेणारं, असं जगात ते एकच गाव असेल.

सोमाजीने घड्याळ उघडलं. आत सगळं लख्ख होतं. त्याने उगीच तेलाचा एक थेंब सोडला. "तेल वाळलं होतं," तो म्हणाला.

"बरं झालं. मंगळवारी आपल्या पोट्टीची, सत्यभामाची मुलाखत हाय नागपूरले, नर्सिंगची. वरठीवरून सकाळची सहाची पॅसेंजर पकडाची हाय."

सोमाजीच्या बोटातली तेलाची सुई थांबली. "जरा लवकरच निघजो."

"सोमवारी संध्याकाळी मिळवतो ना भोंग्यावर. तुमचा भोंगा हाय तं चिंता कायची?"

सुखराम हसत गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं सोमाजीचं. दोनदा तो उंबऱ्यापर्यंत गेला, दोनदा परतला. उरलेली अर्धी दाढी करायचीही त्याला आठवण राहिली नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सुखराम टाइम ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. डबा उघडलाच नाही त्याने.

"काहून रे, काय झालं?"

"आमी ठेसनात शिरलो अना गाडी हलली, भाऊ. आमच्या घड्याळाच्या हिशोबानं सहाले अजून दहा-बारा मिनिटं होती! दुसऱ्या गाडीनं गेलो तं तिथं दरवाजा बंद. पुढच्या साली या म्हने." त्याने डब्याची कडी उगाच उघडली, लावली. "पोट्टीले लय बोललो मी. केसाची येणी घालत बसली म्हून गाडी गेली, असं बोललो. रस्ताभर बोललो. कालपासून अन्नाले शिवली नाइ ते."

सोमाजीला मूलबाळ नव्हतं. सत्यभामाला घड्याळ वाचायला त्यानेच शिकवलं होतं, सुखरामच्या ओसरीवर, याच घड्याळावर. लहान काटा तासाचा, मोठा काटा मिनिटाचा. "अना खोटं बोललं तं?" असं तिने पाच वर्षांची असताना विचारलं होतं. घड्याळ खोटं बोलत नसते बाई, असं त्याने तिला सांगितलं होतं.

दुपारी दोनला तो मोठ्या घड्याळासमोर उभा राहिला. काचेचं दार उघडलं, दोन बोटं पुढे केली. पितळी लंबक आला आणि गेला, आला आणि गेला. त्याने हात मागे घेतला आणि दार लावून टाकलं.

त्या दिवशी पाचला भोंगा पाचलाच झाला.

मधुकरराव धावतच आले. "सोमाजी, घड्याळ पुढे गेलं की काय?"

"नाइ साहेब. आजच बरोबर हाय."

मधुकररावांनी दार लोटून घेतलं. "बारा मिनिटांनी कुणाचं काय जातं रे? कारखाना चालला तर गाव चालेल. आणि गावाची घड्याळं आपण थोडीच चालवतो?"

"चालवतो, साहेब," सोमाजी म्हणाला. "आपनच चालवतो."

त्याने टेबलावरचाच कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहिलं: 'लंबक धरणे माझ्याच्याने होत नाही, सबब नोकरी सोडत आहे.' मधुकररावांनी तो दोनदा वाचला. आवाज खाली आणून म्हणाले, "असं नको लिहूस. घरगुती अडचण लिही. दाखला चांगला देतो."

सोमाजीने पेनाला टोपण लावलं. "घरी काइ अडचन नाइ, साहेब."

घरी त्याची बायको देवकाबाई तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं. "मंग आता काय करान?"

"घड्याळं दुरुस्त करीन."

"लोकायची घड्याळं बिघडलीच नाइ म्हनता, मंग दुरुस्त काय करान?" तिचे डोळे भरले होते, तरी तिला हसू आलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "ते जाऊ द्या. पयले तिच्याकडं जा. पोट्टी उपाशी हाय."

सत्यभामा अंगणात पायरीवर बसली होती. वेणी घातलीच नव्हती. केस मानेवर कसेतरी गुंडाळलेले. सोमाजी समोर जमिनीवरच बसला.

"बाई, तुह्या येणीनं गाडी नाइ गेली. माह्यानं गेली."

त्याने लंबकाचं सांगितलं, बारा मिनिटांचं सांगितलं, काहीच राखून ठेवलं नाही. सुखराम दारात उभा राहून ऐकत होता.

"किती महिने?" त्याने विचारलं.

"आठ."

"अना रविवारी तुमी माह्यासमोर तेल टाकलं." सुखरामचा आवाज चढला नाही, हेच सोमाजीला जास्त लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरी त्याला कुणी पाणी विचारलं नाही. सत्यभामा उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून ताटाचा आवाज आला, मग डाव घासल्याचा. ती वाढून घेत होती. एवढं ऐकलं आणि सोमाजी उठला.

गोष्ट कारखान्यात पसरली. कामगार जाब विचारायला गेले तर मधुकररावांनी हात वर केले, सोमाजीचं डोकं फिरलं म्हणाले. टाइम ऑफिसात दुसरा माणूस आला आणि महिन्याभरात पाचचा भोंगा पुन्हा रेंगाळू लागला. तीनशेतले दहा-वीस जण सोडले तर कुणी त्यावर बोललं नाही. पोटापुढे माणूस काय करणार? सोमाजी मोहाडीच्या बाजारात पेटी मांडून घड्याळं आणि ट्रान्झिस्टर दुरुस्त करू लागला. सुखराम समोरून जायचा, मान वळवून.

वर्ष सरलं. एका संध्याकाळी सत्यभामा एकटीच आली.

"काका, उद्या पुन्हा मुलाखत हाय, सहाचीच गाडी. किती वाजता निघाचं, ते तुमी सांगा."

"बापानं धाडलं?"

"बाबा बाहेर सायकल धरून उभे हायेत."

तिघं वरठीच्या स्टेशनावर पोचले तेव्हा गाडीला तासभर अवकाश होता. बाकावर बसले. सुखरामने तिघांसाठी चहा आणला आणि पहिला पेला सोमाजीच्या हातात दिला. गाडीची घंटा झाली तसं सोमाजीने मनगटावरचं घड्याळ सोडलं, ट्रान्झिस्टरच्या ठोक्यांवर मिळवलेलं, आणि सत्यभामाच्या हाताला बांधलं. पट्टा सैल होत होता. त्याने खिशातल्या सुईने आणखी एक भोक पाडलं.

"काका, अना तुमी?"

"मले आता कुठं गाडी पकडाची हाय?"

गाडी वेळेवर गेली. बापलेक दोघंही खिडकीतून बराच वेळ दिसत होते.

सोमाजी सावकाश सायकल मारत परतला. कारखान्याच्या भिंतीपाशी आला आणि आठचा भोंगा झाला. सकाळचा भोंगा अजूनही खरा असायचा. त्याने पाय टेकला, सवयीने मनगट उलटं करून पाहिलं. तिथे घड्याळाखाली वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या कातडीचा गोरा पट्टा तेवढा होता. भोंगा पुरता विरेपर्यंत तो तसाच पाहत राहिला.