आडवं व्हायची जागा

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा, आणि नोकरीही एकाच विमान कंपनीत. थोरली पर्सर, म्हणजे विमानातल्या सगळ्या केबिन क्रूची प्रमुख. लांबच्या उड्डाणावरून आली की सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडून बसायची. धाकटी नियोजन विभागात. कुठलं विमान घ्यायचं, कुठलं विकायचं याची गणितं मांडायची. तिला या कंपनीत अर्ज करायला लावला तो थोरलीनेच. सासूबाई म्हणायच्या, "या दोघी बोलायला लागल्या की घराचा विमानतळ होतो."

कंपनीची चार इंजिनांची जुनी विमानं म्हणजे पांढरे हत्ती झाले होते. इंधन ढोसायची आणि अर्धी रिकामी उडायची. त्यांच्या जागी नवी वाइडबॉडी विमानं, म्हणजे मध्ये दोन वाटा असलेली मोठी विमानं, यायची होती. उमेदवार दोन. एक अवाढव्य, पण वाटेत एकदा उतरणारं. दुसरं जरा बारकं, पण थेट समुद्रापार जाणारं. धाकटीचं मन दुसऱ्यावर होतं.

"मोठं विमान भरलं तर सोनं, नाही तर गळ्यात धोंडा," भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "बारकं बाराही महिने भरतं. शिवाय पोटात माल बसतो तो वेगळाच."

"मग घ्या की. अडलंय कुठे?"

"तुम्हा लोकांपाशीच अडलंय, ताई. इतका वेळ सलग काम करायला तुमची संघटना हो म्हणत नाही, तोवर थेट उड्डाण नाही. आणि ते नाही तर माझं सगळं गणित पाण्यात."

संघटनेची अध्यक्ष थोरलीच होती. तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आम्हाला पाठ टेकायला काय देणार ते बोल."

"चल, विमानच दाखवते."

विमान बनवणाऱ्यांनी एका मोठ्या शेडमध्ये केबिनचा नमुना उभा केला होता. शेपटाकडे कपाटासारखं एक दार, आत अरुंद जिना, आणि वर छताच्या पोटात बंक, म्हणजे क्रूला निजायचे कप्पे. गादी, पडदा, उशाशी छोटा दिवा. थोरलीने बूट काढले आणि ती आडवी झाली. पाठ टेकताच तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"कसं वाटतंय?" धाकटीने जिन्यातून विचारलं.

"आता उठवू नकोस मला." दोघी खळखळून हसल्या. धाकटीने तिचा फोटोही काढला.

त्यानंतर थोरलीने संघटनेत जीव तोडून बाजू मांडली. तिच्याबरोबर वर्षानुवर्षं उडालेला एक स्टुअर्ड होता, त्याला सगळे 'खडूस' म्हणायचे. तो म्हणाला, "ताई, हे बंकचं लेखी घ्या."

"घरच्या माणसाकडून लेखी घेऊ? शब्दाची पक्की आहे ती."

हात वर झाले. क्रूचा होकार गेला आणि बारकं विमान ठरलं.

मोठ्या सभागृहात घोषणा झाली. पडद्यावर नव्या विमानाचा आराखडा आला तेव्हा थोरलीने आधी शेपूट बघितलं. स्वच्छतागृहं, पँट्री, आणि त्यामागे सीटच्या दोन रांगा. जिना कुठेच नव्हता. चहाच्या वेळी तिने मुख्य अभियंत्याला गाठलं.

"बंक कुठे दाखवलेत?"

"बंक? ते आपण घेतलेच नाहीत. मागच्या दोन रांगा क्रूला, पडदा लावून. नियमात बसतं. वजन वाचतं, तेवढा माल जास्त जातो."

"हे कधी ठरलं?"

"सुरुवातीलाच," तो बिस्किट बुडवत सहज म्हणाला. "तुम्ही नमुना बघायला गेलात त्याच्याही आधी. नियोजनवाल्यांचंच तर म्हणणं होतं ते."

थोरली घरी पोहोचली तेव्हा धाकटी भांडी विसळत होती.

"तुला माहीत होतं?"

धाकटीने वळून पाहिलं नाही. "बंक मिळतील असं मी कधी म्हटलं होतं?"

"मला वर निजवलंस तू. फोटो काढलास."

"तो नमुना सगळ्यांनाच दाखवतात, ताई."

"केसाने गळा कापलास माझा."

आता धाकटीने नळ बंद केला. "बंक घातले असते तर गणित फिरलं असतं. मग मोठं विमान घेऊन कंपनी बुडाली असती, तुझी नोकरीही गेली असती. खरं सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नसतो म्हणालो. म्हणून तर सांगायचं होतं."

दुसऱ्या दिवसापासून थोरली धाकटीला 'तुम्ही' म्हणू लागली. "तुमचा डबा ओट्यावर आहे." "तुमचा फोन वाजतोय." सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा चार शिव्या दे तिला."

थोरलीने होकार मागे घ्यायचा प्रयत्न केला. व्यवस्थापनाने सांगितलं, करारात बंक हा शब्दच नाही. मग तिने क्रूला जे झालं ते सांगून अध्यक्षपद सोडलं. एक जणी बोललीच, "विमान तुमच्या घरचंच होतं ना, ताई." बंक नाहीत हे थोरलीला आधी माहीत नसेल यावर निम्म्या लोकांचा विश्वास बसला नाही, आणि कसा बसवावा हे तिला सुचलं नाही.

पहिल्या उड्डाणाला धाकटी पाहुणी म्हणून पुढच्या केबिनमध्ये होती. थोरलीने आपल्या विश्रांतीची वेळ पडद्यामागे काढली. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, शेजारी फ्लशचा आवाज. मध्येच कुणीतरी पडदा सारून पाणी मागितलं. ती पुढे आली तेव्हा धाकटी जागी होती.

"लागली का थोडी झोप?"

"नाही. तुम्ही जाऊन बघा ना बसून."

धाकटी खरंच उठून मागे गेली. बऱ्याच वेळाने परतली, ती मान चोळत. जागेवर बसली आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "पुढच्या विमानांच्या वेळी बघते मी, ताई."

धाकटीचं गणित चुकलं नव्हतं. विमानं भरून जाऊ लागली, तिला बढती मिळाली, आणि वर्षभरात कंपनीने त्याच जातीची आणखी विमानं मागवली. थोरलीने या वेळी आराखडा मुद्दाम मागून घेतला. मागे त्याच दोन रांगा होत्या.

त्या संध्याकाळी तिने घरी नवऱ्याला सांगितलं, "आपण वेगळं राहू या."