उजेड दिसता कामा नये

जॉबचे नाव

सरकपट्टी आणि तिची खाच. पट्टी बोटाएवढी. टॉवेल विणणाऱ्या लूमवर दिवसभर खाचेत मागंपुढं सरकते. जुनी जोडी झिजली, आणि लूम बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कारखान्यानं इंजिनिअरिंग कॉलेजला विचारलं. तिथल्या विद्यार्थ्यानं, अजिंक्यनं, मापं घेऊन झकास ड्रॉइंग काढलं. घडवणार कोण? ड्रॉइंग सोलापुरातल्याच एका सरकारी आयटीआयमध्ये आलं.

करणारी

पूनम. फिटर ट्रेड, दुसरं वर्ष. घर नातेपुत्याजवळ, घरी मेंढरं. इथं शुक्रवार पेठेत केराआत्याकडं राहते.

अट

कारखान्याच्या मालकांची: जोडी एक पूर्ण पाळी चालली, तर पूनमला वर्षभर शिकाऊ म्हणून घेऊ.
वडिलांची, आण्णांची: काम मिळालं तर ऱ्हा. न्हायतर परीक्षा झाली की घरी.

कृती १

आयटीआयच्या दाक्षायणी मॅडमची तपासणी एकच. पट्टी खाचेत बसवायची, जॉब ट्यूबलाइटपुढं धरायचा. फटीतून उजेड दिसला, की परत. चौदा वर्षांत उजेड दिसणारा एकही जॉब त्यांनी पास केला नव्हता.

पूनमनं नऊ दिवस कानस चालवली.

मॅडमनी जॉब धरला. एका बाजूनं, मग दुसऱ्या. फट काळी.

"हं," मॅडम म्हणाल्या. वर्गात सगळे वळून बघायला लागले.

कृती २

कारखान्यात जोडी बसवल्यावर लूम चाळीस मिनिटं चालला आणि अडकला.

कृती २, पुन्हा, नीट

अडकला तेव्हा तिथं चौघं होती. मालक घड्याळ बघत होते. अजिंक्य ड्रॉइंग बघत होता. पूनम स्वतःच्या हातांकडं बघत होती. लूमची देखभाल करणारे शिवलिंगप्पा जॉबर, ज्यांचं अर्धं आयुष्य या शेडमध्ये गेलं, त्यांनी पट्टी काढली, अंगठ्यानं पुसली. काळा चिकट लगदा निघाला. तेल आणि कापसाची धूळ.

"ड्रॉइंगप्रमाणे अगदी बरोबर आहे," अजिंक्य म्हणाला.

"व्हय की," शिवलिंगप्पा म्हणाले. "लई बरोबर हाय. ही देवळात ठिवायची हाय का लूमवर?"

पूनमचे कान तापले. "काका, मॅडमनी पास केलीया."

"मॅडमच्या वर्गात कापूस उडतो का गं?"

शेडमध्ये कापूस उडतच होता. अजिंक्यच्या भुवयांवरसुद्धा बसला होता.

"धूळ येणारच. तिला जायला वाट ठिवायची." शिवलिंगप्पांनी खिशातून टॉवेलला शिवायचं कापडी लेबल काढलं. "ह्याच्या जाडीएवढी."

मालक म्हणाले, "उद्या सकाळची पाळी. शेवटची संधी."

मोजमाप

अजिंक्यनं लेबल मायक्रोमीटरमध्ये पकडलं. दर वेळी वेगळा आकडा.

"दाबतोस कशाला?" शिवलिंगप्पा म्हणाले. "कापड हाय ते. सैल धर."

सैल धरलं. मिलिमीटरचे अठरा शतांश. अजिंक्यनं ड्रॉइंगवरचा जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि विचारलं, "कॉलेजात सर विचारतील, हा कुठून आला. काय सांगू?"

"सांग, शिवलिंगप्पाच्या खिशातनं आला."

कृती ३

वाईसच्या जबड्यात पट्टी. हातात कानस. नऊ दिवस जी फट घालवली, तीच आता परत आणायची.

पहिला हात मारायला पूनमला दहा मिनिटं लागली.

मग सरकन. लेबल घालून बघायचं. अजून थोडं. लेबल आत गेलं, अलगद ओढलं की निघालं. बास.

तपासणी

मॅडमनी जॉब ट्यूबलाइटपुढं धरला.

उजेड. दोरा धरल्यासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पूनमनं सगळं सांगितलं: धूळ, लेबल, अठरा. मॅडम बराच वेळ जॉब खाली ठेवेनात.

"सगळीकडं सारखी आहे," शेवटी म्हणाल्या. "फटसुद्धा कानसीनं सारखी काढावी लागते. घेऊन जा. आणि पुढच्या बॅचला मला त्या शेडमध्ये न्यायचंय, विचार त्यांना."

कृती ४

सात वाजता लूम सुरू.
आठ.
दहा. शिवलिंगप्पांनी चहा पाजला, "बघत बसू नको, नजर लागंल."
एक. अजिंक्य डबा घेऊन आला. पूनमच्या डब्यातल्या केराआत्याच्या निम्म्या शेंगाचटणीवर त्यानंच हात मारला.
तीन. भोंगा झाला. लूम चालूच.

मालकांनी मशीनवरचा टॉवेल उलटसुलट पाहिला. "सोमवारपासून ये. कागद आयटीआयकडून पाठव."

फोन

"आण्णा, मी येत न्हाय."

"का? नापास झाली व्हय?"

"न्हाय. काम मिळालं."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"कसलं गं?"

"मशीन दुरुस्तीचं. शिकाऊ."

"मग ऱ्हा," आण्णा म्हणाले. "आणि एक टॉवेल आण येताना."

शेरा

प्रात्यक्षिक वहीत, मॅडमच्या लाल शाईत:
उजेड दिसतो. पास.