नडगीतली सळई

मुक्ताबाईची नडगी मोडली ती सोसायटीच्या चारा छावणीत, आणि तीही दुसऱ्याच्या बैलापायी. स्वतःच्या बैलानं धडक दिली असती तर निदान दोन शिव्या तरी हक्कानं घालता आल्या असत्या. वैशाखातली दुपार, उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, ट्रक दोन दिवस उशिरा आलेला. माणसं आणि जनावरं एकदमच त्याच्यावर तुटून पडली. कुणाचा तरी दांडगा बैल बुजला आणि त्याच्या अंगात नि ट्रकच्या फाळक्यात तिचा उजवा पाय सापडला. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. नंतर कितीतरी दिवस वाळलेली काटकी कुणी मोडली तरी तिचा हात नडगीकडं जायचा.

बीडच्या हाडाच्या डॉक्टरांनी नडगीत वरपासून खालपर्यंत पोलादी सळई घातली आणि दोन्ही टोकांना इस्क्रू मारले. त्याआधी त्यांनी रीतसर विचारलं होतं, "तंबाखू, बिडी, गुटखा, काही खाता का?" मुक्ताबाईनं दोन्ही कानांना हात लावले. "न्हाई वो साहेब. आमच्या घरात तंबाखूला कुनी शिवत सुदिक न्हाई." आणि हे सांगताना तिच्या मनात काडीचं कपट नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आतून टेकू दिलाय. पण टेकू म्हणजे भिंत नव्हे. भिंत तुमची तुम्हीच बांधायची. कुबडी घ्या, रोज थोडं थोडं चाला, पायावर बेताबेतानं भार टाका."

आता मोडलेल्या पायावर चाल म्हणणारा डॉक्टर गावाला पटणार कसा? मुक्ताबाईची सासू छबुबाई हिला तर मुळीच पटला नाही. "मोडल्या वाशावर कुनी छप्पर ठिवतं का?" असं म्हणून तिनं सुनेला बाजेवर घातलं आणि बाळंतिणीसारखं जपलं. हाडसांधीचा वेल वाटून लेप दिला, शेवग्याचा पाला शिजवून घातला, पाय म्हणून भुईला टेकू दिला नाही. सासू सुनेला जपते हे पाहून शेजारणींनी तोंडात बोटं घातली. खरं तर जपलं नसतं तर बरं झालं असतं, पण प्रेमाला कोण अडवणार?

मुक्ताबाई उभ्या जन्मात बाजेवर दुपारी टेकली नव्हती. खायला काळ आणि भुईला भार झाले, ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात घोळायची. हाताला काम नाही, म्हणून हात सारखा कमरेच्या डबीकडे जायचा. चिमटीभर मिश्री घ्यायची, हिरड्यांवर बोट फिरवत बसायचं. पूर्वी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारी बाई आता काळजी आली की मिश्री लावू लागली, आणि काळजी तर बाजेवरून उतरायलाच तयार नव्हती. डबी रिकामी झाली की छबुबाई मायेनं दुसरा तवा भाजून द्यायची.

काळजी होती सरीची. सरी, म्हणजे सरस्वती, मुक्ताबाईची एकुलती एक पोर. यंदा दहावीला होती. गावाजवळच्या सहकारी कारखान्याचं धुराडं दोन साल थंड पडलेलं, कारण ऊसच नाही. तेव्हा दसरा झाला की लांब कोल्हापूरकडच्या फडावर ऊसतोडीला जायचं ठरलेलं. बद्रीनाथ मुकादमाला गहिनीनाथानं, मुक्ताबाईच्या नवऱ्यानं, पाडव्यालाच आगाऊ उचल घेऊन शब्द दिलेला. शब्द एका कोयत्याचा. आणि कोयता म्हणजे दोघं. गड्यानं ऊस तोडायचा, बाईनं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. एकट्या गड्याला कुणी विचारत नाही. अर्ध्या कोयत्याला फडात जागा नसते.

गहिनीनाथ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं, भांडता आलं असतं. श्रावण कोरडा गेला तेव्हा एका संध्याकाळी तो बाजेच्या कडेला येऊन बसला आणि पायातला काटा शोधत असल्यासारखं करत म्हणाला, "मुक्ते, दसऱ्यापस्तोर न्हाई जमलं तर सरीला न्यावं लागंल."

"तिची परीक्षा मार्चात हाय."

"मला ठाव न्हाई व्हय? म्या काय हौसंनं म्हनतो का?"

"एकदा फडावर गेलेली पोर परत शाळेत गेलेली कधी बगितलीव तुमी? तितनं आली की लोक स्थळंच आनत्यात."

आत चुलीपुढं बसलेल्या सरीनं भाकरी थापायची थांबवली होती. मुक्ताबाईला ते ऐकू आलं, म्हणजे थापण्याचा आवाज बंद झालेला ऐकू आला. तिनं डबी उघडली.

पोळ्यानंतर ती पायाचा फोटो काढायला बीडला गेली. फोटो वाळेस्तोवर बाकावर बसायला सांगितलं होतं. काय निघतं नि काय नाही, या धास्तीनं तिनं मिश्री काढली आणि बोट तोंडात घातलं. नेमके डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. तिच्या काळ्या बोटाकडं बघत राहिले.

"हे काय?"

"मिश्री हाय."

"मी तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं ना?"

"तंबाखू न्हाई साहेब," मुक्ताबाईनं त्यांना समजावून सांगितलं. "मिश्री हाय ही. दात घासायची."

तिच्या वडवणी तालुक्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. तंबाखू बाप्ये खातात आणि पिचकाऱ्या मारतात. तीच तव्यावर काळी होईस्तोवर भाजली आणि वस्त्रगाळ केली की ती मिश्री होते, ती बायांची, ती दातांची. व्यसन कसलं त्यात? डॉक्टर चिडायला निघाले होते, पण खुर्चीत बसले. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मी मिश्रीचं नाव घेऊन विचारायला हवं होतं."

त्यांनी फोटो उजेडावर धरला. सळई पांढरी लख्ख दिसत होती आणि तिच्याभोवती वर-खाली हाडाची दोन टोकं. मधे काळी फट, सुरीनं कापल्यासारखी. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत मोजून ठेवलेले सगळे दिवस त्या फटीत पडून गेले होते.

"हाड दगड नसतं बाई, जिवंत असतं," डॉक्टर म्हणाले. "मोडलं की तिथं आधी रक्त गोठतं. मग बारीक बारीक नळ्या तिथवर रक्त आणतात. मग कूर्चा धरते, मऊ, आणि तिचंच पुढं हाड होतं. तुमच्या शेतात कालव्याचं पाणी यायचं तर दारं उघडी पाहिजेत ना? मिश्री लावली की ह्या नळ्या आवळतात. दिवसातनं दहा वेळा तुम्ही स्वतःच्या हातानं दारं बंद करताय. वर बाजेवर पडून राहिलात. हाडाला थोडा भार मिळाला की त्याला कळतं इथं काम आहे, घट्ट व्हायला हवं. भारच नाही, तर ते कशाला कष्ट घेईल?"

लेप देऊन झाले, पाला खाऊन झाला, सटवाईला नवस बोलून झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काळजीनं मिश्री लावली आणि मिश्रीनं हाड अडवलं, म्हणजे लेकीला फडावर ढकलायला तिचंच बोट कारण झालं. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिथल्या तिथं ते बोट ठेचून टाकावंसं वाटलं.

डबी तिनं दवाखान्याबाहेरच्या गटारात टाकली. पुढचे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, हिरड्या खाजायच्या. छबुबाईनं तवा चुलीवर ठेवला की त्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. एकदा तर सासूवर ती अशी खेकसली की म्हातारी तवा घेऊन शेजारी जाऊन भाजू लागली. पण सुटली मिश्री. आणि बाजही सुटली. कुबडी घेऊन ती आधी उंबऱ्यापर्यंत गेली, मग टँकर यायचा तिथवर, मग पार छावणीपर्यंत. सरी शाळेतून आली की बाजूनं चालायची. "माय, आज कालच्यापेक्षा बरं टाकलंस पाऊल," म्हणायची, आणि मायच्या पायाकडं अशी बघायची, की तिचा स्वतःचाच पाय मोडलाय असं वाटावं. पोरीनं कधी तोंडानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मुक्ताबाईला कमी जड गेलं असतं.

दसऱ्याच्या तोंडावर दुसरा फोटो निघाला. गहिनीनाथ छावणीत अडकलेला, सरीची चाचणी परीक्षा. मुक्ताबाई एकटीच एसटीनं गेली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. काळ्या फटीच्या कडेला पुसटसं, पिंजल्यासारखं काहीतरी होतं. "हा ढग दिसतो का? हे नवं हाड. धरलंय त्यानं."

साऱ्या पावसाळ्यात ढग दिसला तो इथं, असं मुक्ताबाईच्या मनात आलं. तिला हसू फुटलं. "मंग जुळलं म्हना की!"

"जुळलं नाही, जुळायला लागलं. अजून तीनचार महिने. चाला, घरातलं करा, पण ओझं उचलायचं नाही."

"मोळी?"

"मोळीचं नाव काढू नका. आत्ता सगळा भार सळईवर आहे. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना? तसंच पोलादाचं. हाड आधी जुळलं तर सळई वाचते. नाहीतर सळई आधी थकते आणि आतच तुटते. ही शर्यत आहे."

"कवा तुटंल?"

"ते कुणीच सांगू शकत नाही. तुटेल किंवा तुटणारही नाही."

"मार्चपस्तोर टिकंल?"

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं असावं. "कशाला असला जुगार खेळता?" ते म्हणाले. मुक्ताबाईनं नमस्कार केला आणि उठली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. दोन्हीकडं नांगरून ठेवलेली, पेरलीच नाही अशी रानं. ती भाबडी नव्हती. पाय पुन्हा मोडला तर जन्माचं लंगडेपण, हे तिला कळत होतं. पण तिचं हाड पुन्हा जुळायला आणखी एखादं साल मिळालं असतं. सरीला दहावीचं हे एकच साल होतं. उतरायच्या आत तिचं ठरलं होतं. कुबडी तिनं सीटखाली सारली आणि तशीच उतरली.

घरात सगळे वाट बघत होते. "जुळलं," ती म्हणाली. "डाक्तर म्हनला, आता पळलीस तरी चालतंय."

छबुबाईनं देवापुढं साखर ठेवली. सरीनं मायच्या गळ्यात हात टाकले आणि किती वेळ काढलेच नाहीत. एवढी थोराड पोर, लहान मुलीसारखी लटकून राहिली. मुक्ताबाईला त्या वजनानं पाय थरथरल्याचं जाणवलं, पण तिनं भिंतीला पाठ लावली आणि लेकीला सोडलं नाही.

दसऱ्यानंतर ट्रक आला. शाळेपुढच्या मैदानात भांडी, गोधड्या, कोंबड्यांच्या पाट्या, रडणारी पोरं, सगळं एकात एक झालेलं. बद्रीनाथ मुकादम एकेका जोडीला चढवत होता. मुक्ताबाईपाशी येऊन तो थबकला. "वयनी, पाय काय म्हनतो? तितं गेल्यावर बसलात तर पंचाईत व्हईल. म्या कुटं दुसरं मानूस शोधू?"

"जुळलाय की."

"आसं समदेच म्हनत्यात."

पोरी, बाया, गडी सगळे बघू लागले. दप्तर पाठीला लावून सरीही उभी होती. मुक्ताबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला, डावा पाय उचलला आणि सगळं अंग उजव्या पायावर तोललं. कुणाचा आधार न घेता. घोट्यापासून कळ निघाली ती मांडीतून पाठीच्या कण्यापर्यंत गेली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. "बगा," ती हसत म्हणाली, "नाचून दावू का आनखी?"

बाया हसल्या. सरीनं हसून टाळी वाजवली. मुकादम पुढं सरकला.

गहिनीनाथ मात्र हसला नाही. तो हातभर अंतरावर होता. बायकोच्या वरच्या ओठावर फुटलेला घाम त्यानं पाहिला, तिच्या मानेची ताठलेली शीर पाहिली. मुक्ताबाईनं पाय खाली टेकवला तेव्हा दोघांची नजर भेटली, आणि याला कळलं, हे तिला कळलं. आता हा बोलणार. बोलला की सरी चढणार. तिनं डोळ्यांनीच त्याला विनवलं.

गहिनीनाथानं खाली बघितलं. मग दोन्ही हातांनी तिला कमरेला धरून उचललं आणि ट्रकमध्ये गोधड्यांवर बसवलं, चारचौघांत, जे त्यानं लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो तिच्या शेजारी चढून बसला. ट्रक हलला. सरी थोडं अंतर बरोबर पळाली, मग शाळेची घंटा झाली तशी मागं वळली.

गाव दिसेनासं झाल्यावर तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "मोळ्या म्या चढवीन. तू निस्ती बांध."

"तोडनार बी तुमी, चढवनार बी तुमीच?"

"व्हय."

"किती दिस?"

गहिनीनाथानं गोधडीची घडी करून तिच्या उजव्या पायाखाली सरकवली. पाय मोडला तेव्हापासून मुक्ताबाई एकदाही रडली नव्हती. आता मात्र तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती रडायला लागली.