शेगडीजवळची आरी

मित्रांनो, मी चामडे टोचायची एक जुनी आरी आहे. निदान सध्या तरी आहे. मधली बरीच वर्षे मी बर्नर साफ करायची काडी होते, काही दिवस पेचकस होते आणि एकदा तर कुंडीत बी पेरायला भोक पाडण्याचे कामही माझ्याकडे आले. जो येतो तो मला नवे नाव देतो आणि मी मुकाट्याने ते काम करते. त्यामुळे 'तू नेमकी कोण?' असे कुणी विचारले की माझा पार गोंधळ उडतो. तरीही माझी हकिकत तुम्हाला सांगावी असे वाटते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

घोळ माझ्या जन्मापासूनच आहे. माझे पाते एका लोहाराने घडवले आणि मूठ एका मोडक्या खुर्चीच्या पायातून निघाली. त्यामुळे अर्धी मी भट्टीतली आणि अर्धी खुर्चीतली. मला जोडले ते माझ्या कारागिराने. तो प्रवासी बॅगा आणि चामड्याचे पट्टे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याने मूठ तासून तासून आपल्या तळहाताच्या खळग्यात नेमकी बसवली. माझे टोक त्याने सुईसारखे गोल ठेवले नाही. पत्त्यांतल्या चौकटचा आकार तुम्ही पाहिला असेल. तसे ते चपटे आणि दोन्ही कडांना धारदार केले. मी चामड्यात शिरले की भोक पडत नाही, बारीकशी तिरपी चीर पडते. दोरा आत गेला की चीर आपोआप मिटते आणि दोऱ्याला घट्ट धरते. यात काही विशेष आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते. आपल्याला जे सहज जमते त्याचे कौतुक कुणाला असते?

ते दिवस फार छान होते. कारखान्यात कुणी मला उचलले की कारागीर मान वर न करता म्हणायचा, "ती सोडून काहीही घे." हे ऐकून मी फुशारून जायची.

त्याच्या बायकोचा एक पाय लहानपणापासून अधू होता. गुडघ्याखाली ती लोखंडी आधार बांधायची आणि तो आधार चामड्याच्या रुंद पट्ट्याने पोटरीला आवळलेला असायचा. पट्टा झिजला की कारागीर मला घरी आणायचा आणि स्वयंपाकघरात बसून नवा शिवायचा. अशाच एका संध्याकाळी शिवण संपली, मी ओट्यावर पडले होते, आणि तेवढ्यात दूध उतू गेले. बर्नरची भोके बुजली. बायकोने इकडेतिकडे पाहिले, हाताशी मीच होते. तिने मला उचलले आणि एकेक भोक टोकरून मोकळे केले. ज्योत फुरफुरत निळी झाली. ती खूश झाली आणि माझे नशीब फिरले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना कारागीर मला न्यायला आला तर ती म्हणाली, "राहू दे ना. तुमच्याकडे काय कमी आहेत?" तो हसला आणि मला तिथेच ठेवून गेला. मला काही कळेना. कालपर्यंत मला कुणी हात लावलेला ज्याला खपत नव्हते, त्याने मला सांडशी आणि लायटरच्या शेजारी टांगले. माझे काही चुकले होते का? की ही बढती होती? अजूनही मला नीट सांगता येत नाही. पुढे घरी पट्टा शिवायचा झाला की तो मला खुंटीवरून काढायचा आणि काम संपले की पुन्हा तिथेच लटकवायचा.

मग एका हिवाळ्यात कारागीर आजारी पडला आणि त्यातच गेला. त्याची हत्यारे त्याच्याबरोबर काम करणारा मित्र घेऊन गेला. चामडे कापायची रापी गेली, ठोकायची लाकडी मोगरी गेली, मेणाचा गोळासुद्धा गेला. मी राहिले, कारण शेगडीजवळ टांगलेल्या वस्तूला हत्यार कोण म्हणणार? रापी जाताना मला रडू येत होते, पण बर्नरच्या काडीने रापीसाठी का रडावे, तेही समजत नव्हते.

वर्षे गेली. माझी धार गेली, पात्यावर काळी पुटे चढली. आणि मग कारागिराने शिवलेला शेवटचा पट्टाही वाळून तडकला. कारागिराच्या बायकोने, म्हणजे आईने (आता मीही तिला आईच म्हणते, घरात सगळे तेच म्हणतात) जिना उतरणे बंद केले. बाजारातला तयार नायलॉनचा पट्टा लावून पाहिला, तर पोटरीला फोड आले. तिची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. तिचे गुडघे गेलेले, तिला जिना चढता येईना. हिला उतरता येईना. दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून एकमेकींना हात करायच्या. मग घरात येऊन फोनवर बोलायच्या आणि ऐकू येत नाही म्हणून एकमेकींवर चिडायच्या. एकदा फोन ठेवल्यावर आई कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होती. "ताई थकली गं. एकदा तिच्याजवळ जाऊन बसायला हवं," ती लेकीला म्हणाली.

लेक दवाखान्यात एक्स-रे काढायचे काम करते. ती म्हणाली, "पट्टा मी शिवते. त्यात काय एवढं?"

आणि ती बाजारातून एक पेटी घेऊन आली. मित्रांनो, काय ती पेटी! उघडली तेव्हा स्वयंपाकघर लखलखले. दुकानदाराने तिला सांगितले होते, नवशिक्यांसाठी हाच संच, यात सगळे आले. खरेच सगळे होते. नक्षीचे ठसे होते, वाकड्या टोकाचे काहीतरी होते, दाते असलेले काहीतरी होते, चाक लावलेले काहीतरी होते. लेक एकेक वस्तू उचलून उजेडात धरायची, आणि "हे कशाला असेल?" असे पुटपुटत परत ठेवायची. मी खुंटीवरून पाहत होते. रात्री मी त्यातल्या एका वाकड्या टोकाच्या चकचकीत हत्याराला विचारले, "दादा, तुझे काम काय?"

ते म्हणाले, "माहीत नाही. मी संचात आहे."

मला त्याची दया आली. पण खरे सांगू, थोडा हेवाही वाटला. ते निदान कशात तरी होते!

लेकीने चामड्याच्या पट्ट्या कापल्या. बक्कल अडकवायला टोक दुमडले. आता शिवणीसाठी भोके हवीत. तिने पेटीतला गोल पंच घेतला आणि हातोडीने ठोकत जवळजवळ भोके पाडली. सगळी एका ओळीत, अगदी सुबक. टाकेही नीटनेटके पडले. मलासुद्धा ते फार आवडले. 'बरे झाले, आता आपली गरज नाही,' असे मी मनात म्हटले आणि मनातच खट्टू झाले.

रविवारी सकाळी आईने नवा पट्टा आवळला. केस विंचरले, काठी घेतली. दाराबाहेर येऊन पहिल्या पायरीआधी तिने पायावर भार दिला मात्र, पट्टा भोकांच्या रांगेवरून टरकन फाटला. पोस्टाची तिकिटे फाटतात ना, अगदी तसा. आईने चौकट धरली म्हणून ती वाचली. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पुरे झालं आता," ती आत येऊन म्हणाली. "ताईला फोनवर बघेन. मी इथेच बरी."

"फोनवर बघतात होय?" लेक म्हणाली. ती स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि रडू लागली. मला वाटले, बर्नर पुन्हा बुजला असावा.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि बाबांनी शिवलेला तो तडकलेला पट्टा आणला. एक्स-रेची फिल्म धरावी तसा तो तिने खिडकीच्या उजेडात धरला. मग शिवणीचा एक टाका उसवला आणि पुन्हा धरला. उजेड कुठूनच आरपार येईना. तिथे गोल भोकच नव्हते. तिरप्या, मिटलेल्या चिरा होत्या, एकमेकींपासून अंतर राखून बसलेल्या. तिने पेटी धुंडाळली. पेटीतल्या आरीचे टोकही गोलच होते, खुणा करण्यापुरते. वैतागून तिने चहाचे आधण ठेवले. ज्योत अर्धीच पेटली. तिने मला उचलले, भोके टोकरली, आणि माझ्या चपट्या टोकाकडे पाहत तशीच थांबली. मग तिने मला फडक्याने पुसले आणि चामड्याच्या एका तुकड्यात जोर लावून खुपसले. मी घाबरले. इतक्या वर्षांत मी चामड्यात शिरले नव्हते. जमेल की नाही तेच ठाऊक नव्हते. पण मी शिरले, आणि चीर पडली, तिरपी.

"आई, ही काय आहे?"

"काय म्हणजे? बर्नरची काडी."

"काडी अशी असते?"

आईने मला तिच्या हातातून काढून घेतले. "तुझ्या बाबांची आरी आहे ती."

"अगं, मग सांगायचं नाहीस का? मी आख्खी पेटी घेऊन आले!"

"तू विचारलंस कुठे? आधी पेटी, मग विचार!" आई फणकारली. पण लगेच तिचा स्वर उतरला. "आणि दिली असती, तर माझ्याकडे त्यांचं काय राहिलं असतं? कपाटातल्या शर्टांना आता त्यांचा वाससुद्धा येत नाही. ही रोज हातात असते."

मित्रांनो, मी थक्क झाले. इतकी वर्षे मला वाटत होते की माझा कुणालाच उपयोग कळला नाही. आणि इथे मी काही भलतेच काम करत होते, त्याचा मलाच पत्ता नव्हता. मला आनंद झाला, आणि वाईटही इतके वाटले की विचारू नका.

आईने मला लेकीच्या हातात दिले. "घे. पण आधी माझ्या बर्नरचं काय ते बघ."

लेकीने पेटीतून ते वाकड्या टोकाचे चकचकीत हत्यार काढून दिले. आईने भोके टोकरून पाहिली आणि मान डोलावली. त्या बिचाऱ्याला अखेर काम मिळाले!

लेकीने मला दगडावर गोल गोल फिरवून घासायला घेतले. तशी घासली असती तर माझे टोक सुईसारखे झाले असते. "फिरवू नकोस गं," आई म्हणाली, "तुझे बाबा एकेक बाजू धरून घासायचे." मग धार आली. पेटीतली निम्म्याहून जास्त हत्यारे लेकीने पुन्हा बंद करून ठेवली. बाहेर राहिली एक रापी, एक लाकडी मोगरी, पट्टी, मेण लावलेला दोरा, दोन सुया आणि मी. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया; मी चीर पाडायची आणि त्या दोघींनी समोरासमोरून तिच्यातून जायचे. मी एकदा घसरून लेकीच्या अंगठ्यात घुसले. टाके वाकडेतिकडे पडले. पहिल्या पट्ट्यासारखे देखणे तर मुळीच नव्हते.

आईने पट्टा आवळला. या वेळी केस विंचरायला ती थांबली नाही. दोघी दाराबाहेर गेल्या आणि मी टेबलावर राहिले. काठीचा आवाज पायरी पायरीने खाली गेला आणि मग ऐकू येईनासा झाला. टाके टिकले असतील का? की पुन्हा टरकन? मला काहीच कळायला मार्ग नव्हता. दुपार टळली तरी कुणी आले नाही.

तुम्ही म्हणाल, या गोंधळलेल्या आरीकडून काय शिकायचे? मलाही नक्की माहीत नाही. पण एवढे सांगते. काही नवे शिकायला निघालात तर दुकानात धावण्याआधी घरात एकदा विचारा. थोडी हत्यारे घ्या, पण ती कशासाठी आहेत ते समजून घ्या. आणि त्यांची धार राखा. वापराविना लोखंडाला गंज चढतो हे सगळ्यांना ठाऊक असते. आपण कोण हेही हळूहळू विसरायला होते, हे फक्त आम्हाला ठाऊक असते.

संध्याकाळी जिन्यात काठी वाजली. दार उघडले. आई खुर्चीत बसली, धापा टाकत होती आणि कुरकुरत होती.

"वरच्या बाजूला जरा घट्ट होतोय," ती पट्टा सोडत लेकीला म्हणाली. "तेवढा भाग उसवून आजच परत शीव. उद्या सकाळी पुन्हा ताईकडे जायचंय."