सुलाबाईंचं सीमोल्लंघन

सुलाबाईंच्या घरी दसऱ्याला एक नियम होता आणि तो त्यांनीच वर्षानुवर्षं सगळ्यांच्या बोकांडी बसवला होता. सकाळी हत्यारांची पूजा झाली की संध्याकाळी सोनं वाटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. विळी, कोयता, पाना, पक्कड, सगळ्यांना सुट्टी. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. वर्षभर राबतात बिचारे, एक दिवस बसू द्या की, असं त्यांचं म्हणणं. या वर्षी मात्र तो नियम त्यांच्याच मुळावर आला.

झालं होतं असं. सुलाबाईंची थोरली बहीण मैनाक्का उन्हाळ्यात गोठ्यात पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि रोज चाला म्हणून बजावलं. पण मैनाक्काच्या मनाने भीती घेतली. पुन्हा पडले तर, या एका धास्तीपायी तिने जी खाट धरली ती सोडेना. मुलगा विनवून दमला, सून वैष्णवी रडकुंडीला आली. अशीच पडून राहिली तर पुढे उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले होते.  आई गेल्यावर सुलाबाईंना वाढवलं ते याच बहिणीने.

त्या फोनवर अक्काला रागावल्या, हातापाया पडल्या. शेवटी अक्का वैतागून म्हणाली, "तू मला चालायला सांगती, सुले? तुझे गुडघे कुठं चालतात? तू तुझ्या पायानं माझ्या दारात ये, मग मी उठते. मोटारीत बसून आली तर नाय धरायचं."

बोलणारीने फोन ठेवून दिला, पण ऐकणारीने शब्द पकडून ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि या घराण्याचा पीळ दोघी बहिणींत सारखा वाटला गेला होता.

सुलाबाईंनी उभं आयुष्य गंगापूर रोडला सायकलवरून दूध घातलं होतं. हँडलच्या दोन्ही बाजूंना किटल्या, पदर खोचलेला, आणि वाटेत जो आडवा येईल त्याचा उद्धार. गुडघे गेले आणि सायकल सुटली तेव्हा त्या एवढ्या मुकाट झाल्या की रविराजला, म्हणजे त्यांच्या मुलाला, घरात चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. तो अंबडला एका वर्कशॉपात वेल्डर. त्याने मोबाइलवर कुठल्याशा देशातली एक तीनचाकी सायकल पाहिली. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये जमिनीलगत खुर्चीसारखी रेललेली सीट, पाय समोर लांब करून पायडल मारायचे. वर्कशॉपातले उरलेसुरले पाइप जोडून त्याने तशीच एक आईसाठी बनवली. पाठीला टेकण मिळालं, गुडघ्यांवरचा भार गेला, आणि सुलाबाई पुन्हा भाजीबाजाराला जायला लागल्या. गल्लीने त्या गाडीचं नाव आरामखुर्ची ठेवलं. सुलाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. हसणाऱ्यांचे दात दिसतात, म्हणायच्या.

पण आरामखुर्चीची धाव सपाट रस्त्यापुरती. धरणाच्या बाजूला अक्काची वस्ती टेकाडावर, आणि वस्तीला जायचा चढ असा की बैलसुद्धा मध्ये एकदा मागे वळून बघायचे. श्रावणात सुलाबाई एकदा तिथवर गेल्या होत्या. अर्ध्या चढावर गुडघ्यातून अशी कळ आली की ब्रेक दाबून त्या तिथेच बसून राहिल्या. शेवटी रविराजने दोरी बांधून सायकल खाली आणली. अक्काला त्यांनी हे कळू दिलं नाही. मुलाला मात्र रात्रीच्या जेवणावर सांगितलं की दसऱ्याच्या आत गाडीला मोटर बसव.

मोटर लावली तर ते पायाने येणं कसं, असं रविराजने भीत भीत विचारलं. पाय पायडलवर असतील की नाही, सुलाबाई म्हणाल्या. असतील. मग पायानेच आले. 

आईला सायकलची साधी मोटर पुरली असती. पण रविराज म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याचा मित्र कुंदन ई-रिक्षा दुरुस्त करायचा. त्याच्याकडून त्याने चार माणसं ओढील अशी दणकट मोटर आणली आणि मागच्या चाकात बसवली. बॅटरी यायला उशीर झाला, ती आली ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सायकल अंगणात उलटी करून, साखळी काढून त्याने मोटर चालवून पाहिली. चाकाची वरची कड पुढच्या बाजूला सुसाट धावत होती. फर्स्टक्लास, तो म्हणाला, आणि साखळी चढवून, सायकल सरळ करून जेवायला गेला. उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक वरून पुढे धावत असेल तर सरळ केल्यावर सायकल मागे जाणार, हे त्याच्या काही ध्यानात आलं नाही.

ते दसऱ्याच्या सकाळी सुलाबाईंच्या ध्यानात आलं. हत्यारं पाटावर मांडून झाली होती, हळदकुंकू वाहिलं होतं, रविराजच्या पान्यांवर झेंडूची माळ पडली होती. सुलाबाई नवं लुगडं नेसून, ओटीत आपट्याची पानं घेऊन सीटवर रेलल्या आणि त्यांनी हँडलवरची मूठ जरा पिळली. आरामखुर्ची अशी काही मागे उसळली की दारातला झेंडूचा ढीग आणि वाळत घातलेली चादर सोबत घेऊनच थांबली.

चादरीतून बाहेर आल्यावर सुलाबाईंनी पहिल्यांदा पानं जागेवर आहेत का ते पाहिलं. रविराजचा चेहरा पडला होता. दोन वायरी अदलाबदल करायच्या, एवढंच काम होतं. एक पाना लागणार होता, आणि तो पाटावर माळ घालून बसला होता. रविराजने नुसतं तिकडे पाहिलं.

"त्याला हात लावायचा नाय," सुलाबाई म्हणाल्या.

उद्या जाऊ, रविराज म्हणाला. पण सोनं दसऱ्याचंच असतं, दुसऱ्या दिवशी ती पानंच. शेजाऱ्याचा पाना मागून आणतो म्हणाला, तर त्याच्या पान्याला काय सुट्टी नको का, असं उत्तर आलं. स्वतःचा नियम असा आडवा आलेला पाहून सुलाबाईंना खरं तर रडूच येत होतं. त्या मागच्या चाकाकडे पाहत राहिल्या. बराच वेळ पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं, ते पाहून रविराजला जास्त भीती वाटली.

"मागं जाती ना? मग मागंच जाऊ दे," त्या म्हणाल्या.

सपाट रस्ता त्यांनी मोटर बंद ठेवून पायडल मारत कापला. द्राक्षबागा मागे पडल्या, गार वारा तोंडावर येत होता. रविराज मोटरसायकलवर मागून जीव मुठीत धरून येत होता. चढाच्या पायथ्याशी सुलाबाई थांबल्या. त्यांनी गाडी वळवून पाठ टेकाडाकडे केली, हँडलवरचा आरसा नीट केला, देवाचं नाव घेतलं आणि मूठ पिळली.

मोटरने खरोखर चार माणसांचा जोर काढला. आरामखुर्ची पाठमोरी चढ चढू लागली. चाकाबरोबर पायडलही उलटे फिरत होते आणि पायडलवरचे सुलाबाईंचे पायही. गुडघ्यावर भार म्हणून नव्हता. माहेरी असताना त्या भरलेली बैलगाडी मागे घेऊन गोठ्याला लावायच्या, त्यापुढे हे काहीच नव्हतं. आरशात रस्ता चढत होता आणि समोर शेतं, धरणाचं पाणी, अवघा मुलूख खाली खाली जात होता. अर्ध्या चढावरची ती श्रावणातली जागा आली आणि गेली. सुलाबाईंना हसू आवरेना. सोनं वाटायला निघालेली माणसं कडेला उभी राहून पोट धरून हसत होती. आजी, तोंड इकडं करा, असं कोणीतरी ओरडलं. तोंड कशाला, मी पायानं चाललेय, असं सुलाबाईंनी तिथूनच ठणकावलं. वस्तीवर बातमी त्यांच्या आधी पोचली, आणि हसण्याचा गलका त्या बातमीच्याही आधी.

अक्काचं घर जवळ आलं तसं त्यांनी आरशात पाहिलं. फाटकाशी कोणी बाई उभी होती. वैष्णवी असेल, असं त्यांना वाटलं. मग त्या बाईने डोळ्यांवर आडवा हात धरला, आणि सुलाबाईंनी ओळखलं. असा हात धरून बघणारी एकच होती. त्यांनी मूठ सोडली, ब्रेक दाबला आणि गाडी हळूच वळवून फाटकाशी उभी केली.

मैनाक्का फाटकाचा गज धरून उभी होती आणि चिडलेली होती.

"हे नाय धरायचं, सुले. मोटर लावून आली तू. त्यात उलटी. पैज हरली."

"हरले," सुलाबाई म्हणाल्या. "पण अक्का, तू कुठं उभी हाय?"

मैनाक्काने खाली पाहिलं. अंगण ओलांडून फाटकापर्यंत आपण कधी आलो, तिला सांगता येईना. वॉकर आत खाटेपाशीच राहिला होता. बाहेर एवढा गलबला आणि लोक सुलीचं नाव घेऊन हसतात, म्हटल्यावर ती बघायला निघाली होती. भ्यायचं तेवढं राहून गेलं होतं. मागे दारात वैष्णवी तोंडावर हात ठेवून उभी होती, हाक मारली तर सासूला आठवण होईल या भीतीने गप्प.

 मैनाक्का हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. गज मात्र तिने सोडला नाही आणि खालीही बसली नाही.

सुलाबाईंनी ओटीतली पानं काढून तिच्या हातात दिली. सोनं दिल्यावर थोरलीच्या पाया पडायचं असतं. गुडघे गेल्यापासून सुलाबाईंना वाकता आलं नव्हतं, दर वर्षी नुसते हात जोडून भागवायला लागायचं. आरामखुर्चीची सीट मात्र जमिनीपासून वीतभर उंच. त्यांनी सीटवरूनच कुशीला झुकून हात लांब केला आणि अक्काच्या दोन्ही पावलांवर ठेवला. पावलं थरथरत होती, पण अंगाचा भार पेलत होती. सुलाबाईंनी हात लवकर काढला नाही.